न तुटलेली तार

साजगावच्या तारेच्या कारखान्यात हर्षला गेली होती ऑफिसात अर्ज द्यायला. गेटपासून ऑफिसापर्यंत शंभरेक पावलं असतील. ती निम्म्या वाटेवर आली आणि भादव्यातली सर अंगावर कोसळली. छत्री राहिली स्कूटीच्या डिकीत. अर्ज पोटाशी धरून ती पळाली आणि समोर जी पत्र्याची शेड दिसली तिच्यात शिरली.

आत एक तरुण पाठमोरा उभा होता. त्याच्यापुढे त्याच्याहून उंच यंत्र, आणि यंत्राच्या वरच्या-खालच्या जबड्यांत एक तार ताठ धरलेली. यंत्र हळूहळू गुरगुरत होतं. हर्षला केसांतलं पाणी झटकत ते बघत राहिली. तेवढ्यात...

फाट्!

हर्षला किंचाळली. हातातला अर्ज सुटला आणि नेमका दाराशी साचलेल्या पाण्यात पडला.

तरुण वळला. अठ्ठावीस-एकोणतीस वर्षांचा, सावळा, निळ्या ड्रेसच्या खिशावर 'जितेश' असं शिवलेलं. त्यानं आधी तिच्याकडे पाहिलं, मग अर्जाकडे.

"घाबरू नका. तार तुटली."

"अशी कशी तुटली?"

"मी तोडली."

"का?"

सहा वर्षांत हा प्रश्न त्याला कोणी विचारला नव्हता. तो जरा अडखळला. "कामच हाय माझं ते. प्रत्येक बंडलाचा तुकडा कापून आनतात, मी ताणून तोडतो. किती जोरावर तुटली ते लिवायचं, सही करायची, नि पुढचा तुकडा लावायचा. दिवसाला साठ-सत्तर होतात."

"दिवसाला साठ-सत्तर तारा तोडता?"

"सनासुदीला थोड्या कमी," तो म्हणाला आणि हसला.

हसताना त्याचा एक दात जरासा पुढे दिसायचा. हर्षलाला वाटलं, बरं दिसतंय की. मग तिला वाटलं, आपण इथं अर्ज द्यायला आलोय.

"आले होते ऑफिसला, तार मागायला," ती म्हणाली. "बारीक हवी. दोन-दोन मीटरचे दोन तुकडे. पाताळगंगेच्या काठच्या शाळेत शिकवते मी, अकरावी-बारावीला फिजिक्स. तारेवर वजन टाकलं की ती किती लांबते, तो प्रयोग करून घ्यायचाय. पण... तुटलेली नको."

जितेशनं कोपऱ्यातल्या पिंपाकडे बोट दाखवलं. पिंप तुकड्यांनी काठोकाठ भरलेलं होतं.

"मॅडम, माझ्याकडं तुटलेलीच असते."

"मग राहू द्या."

"थांबा ना. शाळेत तार नव्हती?"

"होती. आमच्या नागूमामांनी, म्हणजे शिपायांनी, तिच्यावर दुधीचा वेल चढवला."

"मंग? वेल कसा आलाय?"

"झकास आलाय. सहा दुधी लागलेत."

"मंग वाया नाय गेली तार."

दोघंही हसली. जितेशनं पाण्यातला अर्ज उचलला, दोन बोटांनी निथळला आणि यंत्राच्या गरम मोटारीवर नीट पसरून ठेवला. कोपरे उडू नयेत म्हणून चार कोपऱ्यांवर तारेचे चार तुकडे ठेवले. कागदाला वाफा यायला लागल्या. पाऊस काही थांबेना, आणि तो थांबावा असं दोघांपैकी कोणालाच फारसं वाटत नव्हतं.

"अर्ज मी देतो सायबांना," तो म्हणाला. "बारीक तारेचं बंडल चालू हाय सध्या. परवानगी काढून गुरुवारी आनून देतो. गुरुवारी सुट्टी असते आमाला."

"तुम्ही कशाला त्रास घेता? मी येईन न्यायला."

"तार टांगता येते तुमाला?"

"येते की!"

"मंग टांगताना बघायला येतो," जितेश म्हणाला.

*

गुरुवारी तो आला तो भांग पाडून. शाळेच्या प्रयोगशाळेत वर लाकडी तुळई होती. स्टुलावर चढून त्यानं दोन्ही तारा तुळईला आवळल्या. खाली हर्षला एकेक स्क्रू हातात देत होती. देताना बोटाला बोट लागलं की ती लगेच दुसरा स्क्रू शोधायला लागायची.

"दोन तारा कशाला पन?" त्यानं वरून विचारलं. "ताणायची तर एकच."

"एकीवर वजन वाढवायचं. दुसरी नुसती शेजारी असते."

"नुसती शेजारी राहून काय करते?"

"समजा, वजनानं ही तुळईच वाकली थोडी. मग आपल्याला वाटेल तार लांबली. पण शेजारची तारही तेवढीच खाली येते ना! म्हणून फसायला होत नाही. जे काही मोजायचं ते तिच्या आधारानं मोजायचं."

जितेश स्टुलावर बसून त्या दोन तारांकडे बघत राहिला. "म्हंजे घर खाली आलं तरी दोगी मिळून खाली येनार."

"तसंच काहीसं," हर्षला म्हणाली आणि उगाचच वजनांची पेटी पुसायला लागली.

त्या दिवशी नुसती चाचणी होती. प्रयोगशाळेत बारावीच्या चार मुली आणि दाराशी नागूमामा. हर्षलानं प्रयोगवही उघडून तक्ता आखला. पहिल्या रकान्यात वजन, दुसऱ्यात 'चढवताना', तिसऱ्यात 'उतरवताना'.

"अर्धा-अर्धा किलो टाकत जायचं," तिनं सांगितलं. "टाकलं की दोन मिनिटं थांबायचं. तारेला जरा सावरू द्यायचं. मग रीडिंग घ्यायचं. टाकाल ना तुम्ही? मी मोजते."

"ह्येच तर करतो मी," जितेश म्हणाला आणि त्यानं बाह्या सारल्या.

अर्धा किलो. एक किलो. तार केसाएवढी बारीक, पण हलली म्हणून दिसेना. फक्त हर्षलाच्या डोळ्यांपुढची पट्टी सांगत होती की ती लांबतेय. दोन किलो. अडीच. इतक्यात ऑफिसातून हेडसरांनी हाक मारली आणि हर्षला "आलेच हं" म्हणून गेली.

ती गेली आणि जितेशच्या हाताला त्याची सवय आठवली. तीन किलो. साडेतीन. मुली मोठ्यानं मोजायला लागल्या. पेटीतली वजनं संपली.

"मामा, आनखी वजनं हायत का?"

"हायत ना! खिचडीच्या खोलीत हायत," नागूमामा म्हणाले, आणि तांदूळ मोजायची लोखंडी वजनं सुतळीत बांधून घेऊन आले. तेही रंगात आले होते.

साडेचार. पाच. आता तार उघड्या डोळ्यांनाही लांबताना दिसत होती. साडेपाच...

फाट्!

वजनं धाडकन खालच्या वाळूच्या बादलीत पडली. हर्षला धावत आली तेव्हा चारही मुली टाळ्या वाजवत होत्या, आणि जितेश तिच्या प्रयोगवहीत मोठ्या समाधानानं लिहीत होता: 'साडेपाच किलो. तुटली.' खाली त्यानं सहीसुद्धा ठोकली.

"हे काय केलंत?"

"साडेपाचला तुटली. चांगला माल हाय, मॅडम."

"अहो, तोडायची नव्हती!"

त्याचा चेहरा असा झाला की मुलींनी तोंडावर ओढण्या धरल्या. "नव्हती?"

"अडीच किलोला थांबायचं होतं. मग एकेक वजन काढायचं, आणि परत येताना ती कुठं येते ते बघायचं. हा तिसरा रकाना कशाला आखलाय मग?"

"परत येताना?" जितेश म्हणाला. त्यानं तुटलेलं टोक हातात घेतलं. "तार परत येते?"

हर्षलाला आधी वाटलं तो थट्टा करतोय. त्याच्या डोळ्यांत थट्टा नव्हती. सहा वर्षं रोज साठ-सत्तर तारा ताणणाऱ्या या माणसानं एकही तार परत आलेली पाहिली नव्हती. तिचा राग तिथल्या तिथं उतरला.

"पुढच्या गुरुवारी नवी तार आणा," ती म्हणाली. "दाखवते."

"तुमी बोलाल तितके गुरुवार आनतो," जितेश म्हणाला. मग आपण काय बोललो ते ध्यानात येऊन त्यानं खिचडीची वजनं उचलली आणि ती पोचवायच्या निमित्तानं बाहेर पळाला.

*

पुढच्या गुरुवारी अडीच किलोला त्याचा हात थांबला. थांबला म्हणजे हर्षलानं धरून ठेवला. मनगटच धरलं तिनं.

"बस्स."

"बस्स तर बस्स," तो हळूच म्हणाला. मनगट सोडवून घ्यायची घाई त्याला नव्हती.

मग त्यानं एकेक वजन काढलं. प्रत्येक वेळी दोन मिनिटं थांबायचं. ती घड्याळाकडे बघायची, तो तिच्याकडे. तिनं मान वर केली की तो तुळईकडे. शेवटचं वजन निघालं. हर्षला बाजूला सरकली.

"आता तुम्ही वाचा."

जितेशनं पट्टीला डोळा लावला. पुन्हा लावला. "जिथनं निघाली तिथंच आली. तेवढीच्या तेवढी!"

"येणारच. मर्यादेत ताणलं तर येतेच."

"नि मर्यादा कशी कळायची?"

"मोजत राहायचं. तोडायची घाई नाही करायची."

त्यानंतर तो दर गुरुवारी यायला लागला. कधी तांब्याची तार, कधी रबराचा पट्टा, कधी सायकलच्या ट्यूबचा तुकडा आणायचा. मुलींनी दुधीच्या वेलाचा ताणाही लोंबकळवून पाहिला, तेव्हा नागूमामांनी दोन दिवस अबोला धरला. प्रयोग झाला की दोघं नदीच्या पुलापर्यंत चालत जायची. पुलाच्या पलीकडे तिची मोहोपाड्याची वाट आणि अलीकडे त्याच्या गावाची. तिथं त्यांचं बोलणं दर वेळी संपायचं, पण दर वेळी थोडं उशिरा.

"मोहोपाड्याच्या कॉलनीत वाढलीस तू?" एकदा त्याच्या तोंडून 'तू' निघून गेलं. त्यानं जीभ चावली.

"हो. बाबा तिथल्या कंपनीत होते. आता रिटायर झालेत," ती म्हणाली. दुरुस्ती केली नाही. "आणि तू?"

"मी हितलाच. भात, दोन बैल, नि आय. बाप लवकर गेला." तो थांबला. "आमच्या आयचं नाव सोनुबाई. पुढंमागं कामाला येईल, म्हनून सांगतो."

"कसलं काम?"

"असंच... हाक मारायला."

नागूमामा दुसऱ्या दिवशी झाडू मारता मारता म्हणाले, "बाय, तार लांबत्ये का?"

"मामा, तुम्ही तुमचा दुधी बघा."

"दुधी वाढतोच हाय गं. मी दोनी बघतो."

*

दसऱ्याच्या आदल्या आठवड्यात हर्षलाच्या मोबाइलवर नेमणुकीचा आदेश आला. शाळेतली तिची नोकरी तासांवरची होती, दिवाळीला संपणारी. आता कायमची मिळाली होती. पण कुठं? धडगावला. नंदुरबार जिल्ह्यात, सातपुड्याच्या कुशीत. जवळजवळ पाचशे किलोमीटर.

बाबांनी पेढे आणले. हर्षलानं एक पेढा कागदात बांधून गुरुवारी पुलावर नेला. तिनं मनाशी ठरवलं होतं: पेढा द्यायचा, सांगायचं, आणि तो काय म्हणतो ते बघायचं. जायचं तर होतंच. ही नोकरी तिनं चार वर्षं अभ्यास करून मिळवली होती. पण जाताना त्याचा एक शब्द बरोबर हवा होता.

जितेशनं पेढा हातात धरला. खाल्ला नाही.

"चांगलं झालं," तो म्हणाला.

"बस? एवढंच?"

"चांगलंच झालं ना. कायमची हाय." पुलाखालून पाणी वाहत होतं. त्याकडे बघत तो म्हणाला, "लांब हाय पन."

"आहे लांब."

ती थांबली. दोन मिनिटं नाही, चांगली पाच मिनिटं थांबली. तो पाण्याकडेच बघत राहिला. मग ती पूल ओलांडून गेली.

पुढच्या गुरुवारी तो आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. मेसेज केला तर 'कापणी चालू हाय' एवढंच उत्तर. मुलींनी विचारलं, "मॅडम, तारवाले दादा?" तर हर्षला म्हणाली, "पान एकशेबारा काढा."

तुळईला दोन तारा तशाच लटकत होत्या. ती त्यांच्याकडे बघायची नाही. मग दिवाळीच्या सुट्टीला आठ दिवस उरले, आणि तिच्या लक्षात आलं की रुसून बसायलाही आपल्याकडे वेळ नाही. ती स्कूटी काढून सरळ त्याच्या गावी गेली.

*

आभाळ भरून आलं होतं. कापलेलं भात शेतात वाळत पडलेलं, आणि जो तो भारे बांधायच्या घाईत. बांधावरून हर्षला वाकून वाकून बघत होती, तोच एक ठेंगणी, नऊवारी खोचलेली बाई ओरडली, "बघत काय ऱ्हायलीस गं बाय? पाऊस येतोय! चल, हात लाव!"

"मी... जितेश..."

"तो तिकडच्या कोपऱ्याला हाय. पळून नाय जात. आदी भात बांध!"

ही सोनुबाई. तिनं हर्षलाच्या हातात पेंढ्याचा पिळलेला बंध दिला. हर्षलानं भाताभोवती तो फिरवला, आवळला, आणि जोरानं ओढला. तुटला. दुसरा घेतला. तोही तुटला. तिसऱ्याला सोनुबाई खदखदून हसली.

"मास्तरीण ना तू? तारेची? माझा पोरगा तारा तोडतो, तू बंध तोड. जोडी बरी हाय!"

हर्षलाचे कान तापले. "कच्चेच आहेत हे."

"कच्चे नाय गं. तू ढिगाच्या वरचे घेतलेस. ते उनानं कडक झाले. पेंढा रातीच्या दवात ठिवतो आमी, वला असला की वढ सोसतो. खालचे घे. नि हिसका नको देऊ. पीळ दे, मंग हळू वढ."

हर्षलानं ढिगाच्या तळातला बंध घेतला. हाताला गार लागला. पीळ दिला, हळू ओढला. बंध कुरकुरला, थोडा ताणला... आणि राहिला.

"आता कसा!" सोनुबाई म्हणाली आणि पुढच्या भाऱ्याकडे वळली. "जा आता. त्याला बोल काय बोलायचंय ते. दोन आठवडे झाले, घरात कोपऱ्यातली मिठाची बरनी झाल्यागत बसून असतो."

जितेश कोपऱ्यात डोक्यावर भारा घेऊन उभा होता. तिला बघून त्याला भारा खाली ठेवायचंही सुचेना.

"कापणी चालू आहे म्हणे," हर्षला म्हणाली.

"हाय ना. दिसत्येय."

"गुरुवारी एक तास मिळत नव्हता?"

त्यानं भारा उतरवला. घाम पुसला. "हर्षला, पाचशे किलोमीटर. मी सा वर्षं बघतोय. ताणत गेलं की... शेवट एकच असतो. आज ना उद्या तो आवाज येतो. मंग म्हनलं, आदीच..."

"आधीच कापून टाकू?"

तो भाऱ्याचा बंध चाचपत राहिला.

"तुटेल म्हणून तूच तोडलीस. मला न विचारता. वजन तर अजून टाकलंही नव्हतं!" तिचा आवाज चढला. शेजारच्या शेतातली दोन माणसं भारे बांधायची थांबली. "आणि तिसऱ्या रकान्याचं काय? ती परत आलेली तूच वाचलीस ना? तुझ्याच डोळ्यांनी?"

"ती अडीच किलोची गोष्ट झाली..."

"मग मोजून ये. मोजल्याशिवाय मला सांगू नकोस की तुटते. शनिवारी माझा शाळेतला शेवटचा दिवस आहे. दिवाळी झाली की मी जाणार. तू काय म्हणशील त्यावर माझं जाणं ठरत नाही. पण कशी जाणार ते ठरतं."

टपटप थेंब पडायला लागले. ती वळली आणि बांधावरून भरभर चालत गेली. चिखलात एकदा घसरली, पण मागे पाहिलं नाही. मागून सोनुबाईचा आवाज तेवढा ऐकू आला, "भारा उचल रं, येड्या! ती गेली, आता भात तरी भिजवू नको!"

*

शनिवारी शाळा सुटली. मुलींनी मॅडमना पेनचा सेट दिला, दोघीतिघी रडल्या. हर्षला प्रयोगशाळेत एकटीच सामान आवरत होती. स्टूल ओढून ती तुळईच्या तारा सोडवायला चढली, एवढ्यात दाराशी कोणी धापा टाकत उभं राहिलं.

जितेश होता. कारखान्याच्या निळ्या ड्रेसमध्येच, हाताला ग्रीस.

"नको सोडू," तो म्हणाला. "थांब. एवढं बघ."

त्यानं शर्टाच्या आतून एक कागद काढला. यंत्राचा आलेख होता. अशा आलेखांत रेघ वर वर चढते आणि तार तुटते तिथं एकदम संपते. ते हर्षलाला ठाऊक होतं. ही रेघ वर चढली होती, आणि मग त्याच वाटेनं खाली आली होती. पुन्हा वर, पुन्हा खाली. इतक्या वेळा की रेघ जाड झाली होती.

"किती वेळा?" तिनं विचारलं.

"एकवीस. दर वेळी दोन मिनटं थांबलो." त्यानं दम घेतला. "दुपारच्या सुट्टीत सायबांना विचारून लावली. वाटायचं आता आवाज येईल, आता येईल. सायब मागं येऊन उभे. म्हनले, जितेश, अजून तुटली कशी नाय? मी म्हनलं, सायब, ही तोडायची नाय."

"मग?"

"मंग सायब म्हनले, कोन हाय ती?"

हर्षला स्टुलावरच बसली. हसू आणि रडू एकदम आल्यावर उभं राहणं कठीण असतं.

जितेशनं खिशातून कागदात गुंडाळलेली तार काढली. हातभर लांब, सरळ, अख्खी. टोकांना यंत्राच्या जबड्यांचे बारीक दात उमटलेले होते, बाकी ओरखडाही नाही. "माझ्या हातची पैली. न तुटलेली."

तिनं तार घेतली. उजेडात धरून पाहिली. मग एकदम मॅडम होऊन म्हणाली, "शून्याचं रीडिंग?"

"घेतलं. आदी नि शेवटी. सारखंच हाय."

"प्रयोगवहीत लिही."

तिनं वही काढली. ते पान तिनं फाडलं नव्हतं. 'साडेपाच किलो. तुटली.' आणि त्याची झोकात सही. त्याच्या खाली जितेशनं सगळी रीडिंगं उतरवली, दोन्ही रकाने भरले. ग्रीसचा अंगठा पानावर उमटला.

"निष्कर्ष राहिला," हर्षला म्हणाली.

तो पेन धरून बसला. पेन टेकलं, उचललं. "तोंडी चालंल का?"

"चालेल."

"मंग ऐक." त्यानं पेन खाली ठेवलं. "तू धडगावला जा. मी महिन्यातनं दोनदा येईन, एक गुरुवार नि एक रजा जोडून. तू सुट्टीत ये. वैशाखात लगीन करू. पुढं बदली होईल तवा होईल, नायतर तिकडं पन कुठंतरी तारा असतीलच. मला... मला तू पायजेस, हर्षला. लांब असलीस तरी. मोजून सांगतोय."

हर्षलानं घड्याळाकडे पाहिलं.

"काय झालं?"

"वजन टाकल्यावर दोन मिनिटं थांबायचं असतं."

"आत्ता पन?"

"नियम म्हणजे नियम."

तो बिचारा थांबला. हात मागे बांधून, प्राचार्यांपुढे उभं राहावं तसा. बाहेर वेलीवर चिमण्या कलकलत होत्या. वीस सेकंद झाली. तीस झाली. घड्याळाकडे बघता बघता हर्षलाचे ओठ हलायला लागले, आणि चाळीस सेकंदांना तिला हसू आवरेना.

"हो!" ती म्हणाली. "हो, हो, हो. आणि बाबांना तू विचारायचंस. त्यांना आलेख दाखव, त्यांना कागद लागतो."

जितेशनं मोठा श्वास सोडला. मग आठवून म्हणाला, "आयनं निरोप दिलाय. तू बांदलेला तो भारा झोडपला. बंध तेवढा तिनं काडून ठिवलाय, घरात खुंटीला आडकवलाय. शेजारनी येतात त्यांना दाखवते, म्हनते माझ्या सुनंनं बांदलाय."

"सून? तुझं तर अजून विचारून झालं नव्हतं!"

"ती मोजत बसत नाय," जितेश म्हणाला.

तिनं त्याचा ग्रीसचा हात धरला, तोच, मनगटाशी. या वेळी थांबवायला नव्हे. दोन तारा वर तुळईला शेजारी शेजारी लटकत होत्या, खिडकीतल्या वाऱ्यानं जराशा हलत होत्या.

दारात झाडू घेऊन नागूमामा कधीचे उभे होते कोण जाणे. ते खाकरले.

"बाय, झाला ना प्रयोग? मंग ती हातातली तार मला दे. दुधी फार जड झालेत, मांडव लोंबतोय."

"नाही!" दोघं एका दमात ओरडली.

नागूमामा बिलकूल दचकले नाहीत. त्यांनी स्टूल सरळ केलं, खाली सांडलेले स्क्रू वेचून पेटीत टाकले. मग जितेशला म्हणाले, "वैशाखात ना? चांगलं हाय. तवर दुधी संपंल, मांडव मोकळा होईल. तुमच्या लग्नाला वापरू."